सुरी कोरडी निघेपर्यंत

मावशींना मुलगा एकच, पण त्यांना मावशी म्हणणारी माणसं हजारभर तरी असतील. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली की असंच होतं. औषधाच्या दुकानातला माणूस मावशी म्हणतो, नळ दुरुस्त करणारा मावशी म्हणतो. ताटात वाटाणे टाकले म्हणून ज्याचा कान त्यांनी पिळला होता तो आता डॉक्टर झालाय, आणि त्यांना तपासताना अजूनही सावरून बसतो. घरात आलेली सूनसुद्धा त्याच शाळेची. लग्नानंतर चार दिवस तिने 'आई' म्हणून पाहिलं, पण दर वेळी दोघीही दचकायच्या. पाचव्या दिवशी ती गुपचूप 'मावशी'वर आली आणि घर सुरळीत चालू झालं.

मावशींच्या नाकावर माशी बसत नसे, आणि त्यांच्या ओट्यावर बसायची तर माशीची बिशादच नव्हती. हात कोपरापर्यंत धुवायचे, फडकी उकळत्या पाण्यात काढायची, आणि भाजलेला पदार्थ कुठलाही असो, मधोमध सुरी घालून बघायची. सुरी कोरडी निघाली तर ताटात, ओली निघाली तर परत आत. यावर चर्चा नाही.

आता अशा बाईच्या घरात सुनेने आतून वाहणारे केक करायला घ्यावेत, याला काय म्हणावं? चॉकलेट आणि लोणी वितळवायचं, अंडी-साखर फेटून त्यात घालायची, चिमूटभर वाटावा इतकाच मैदा, आणि ते मिश्रण वाटीएवढ्या साच्यांत ओतून कडक तापलेल्या ओव्हनमध्ये मोजून दहा मिनिटं ठेवायचं. कडा भाजतात, मधला भाग तसाच राहतो. बाहेर काढून मिनिटभराने साचा ताटलीत उलटा केला आणि चमचा घातला की आतलं चॉकलेट संथपणे बाहेर येतं. नवव्या मिनिटाला सगळा लगदा, बाराव्याला साधा केक. मधलं एक-दीड मिनिट काय ते खरं.

"आत कच्चं आहे," पहिला केक कापला तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या.

"कच्चं नाही हो, मऊ आहे," सून म्हणाली.

मावशींचा मुलगा लिफ्टची दुरुस्ती करतो, त्यामुळे त्याला सगळीकडे लिफ्ट दिसते. "आई, आत अडकलेल्याला वेळेवर बाहेर काढलं म्हणजे झालं," असं म्हणून त्याने स्वतःचा केक संपवला आणि मग आईचाही संपवला. त्यानंतर रोजच मावशींचा केक त्याच्या ताटलीत जाऊ लागला. त्यांनी एकदाही चमचा लावला नाही.

पण सुनेचं हे काम यशस्वी व्हावं असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. ती ज्या फोटो स्टुडिओत काम करायची तो बंद पडला, त्याला वर्ष झालं होतं. त्या वर्षात पोरगी कशी मिटत गेली ते मावशींनी रोज पाहिलं होतं. अर्ज करायची, उत्तर यायचं नाही, मग भर दुपारी पडदे ओढून बसायची. केक करायला लागल्यापासून ती पुन्हा माणसात आली. भांडी आपटायला लागली, नवऱ्याला टोमणे मारायला लागली. कुणाच्या तरी वाढदिवसाला चौकातल्या चहाघराच्या मालकीणबाईंनी तिच्या हातचा केक खाल्ला आणि निरोप पाठवला: गुरुवारी चार वाजता घरी येते, माझ्यासमोर ओव्हनमधून काढलेला, माझ्यासमोर कापलेला केक दाखव. पसंत पडला तर दर शुक्रवारी आणि शनिवारी माझ्याकडे तुझेच केक.

गुरुवार जसजसा जवळ आला तशी मावशींची झोप उडाली. सुनेला वाटलं, आपल्या काळजीने. ते खरं होतं, पण अर्धंच.

वीस वर्षांपूर्वी मावशी शाळेच्या मुख्य आचारी होत्या. हाताखाली तिघी जणी, समोर तीनशे ताटं. एका दुपारी पुडिंग केलं होतं, दूध-अंड्यांचं, मोठ्या ट्रेमध्ये भाजलेलं. सिलिंडर संपत आला होता, जेवणाच्या सुट्टीची घंटा व्हायला पाच मिनिटं होती. त्यांनी सुरी घातली तर टोकाला जरासा ओलावा होता. आपल्याच उष्णतेने जमेल, असं म्हणून त्यांनी ट्रे उतरवले. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस मुलं उलट्या करत होती. आठवड्याभरात सगळी बरी झाली, पण काही मुलं चार-चार दिवस दवाखान्यात होती. चौकशी बसली तेव्हा मावशींनीच सांगितलं, सुरी ओली होती. मग कुणी पुढे काही शोधलं नाही. नोकरी राहिली, पण चूल गेली. पुढची सतरा वर्षं त्यांनी त्याच स्वयंपाकघरात ताटं वाढली आणि ताटं घासली.

आजारी मुलांची यादी मोठ्या बाईंच्या खोलीच्या दारावर लावली होती. मावशींनी नवव्या नावापर्यंत वाचली आणि पुढे त्यांना अक्षरं दिसेनात. सून तेव्हा तिसरीत होती, इतकं त्यांना ठाऊक होतं. ती त्या यादीत होती का, हे दोन वर्षं एका घरात राहूनही त्यांनी विचारलं नव्हतं. तिनेही विषय काढला नव्हता. लग्नाआधीच मुलाने तिला बजावलं होतं, की आमच्या घरात शाळेच्या गप्पा नकोत.

गुरुवारी पावणेचारला सहा साचे ओव्हनमध्ये गेले आणि त्याच मिनिटाला फोन वाजला. मालकीणबाई लवकर आल्या होत्या आणि भलत्याच इमारतीत शिरल्या होत्या. सुनेने पायात चपला सरकवल्या.

"मावशी, घंटा वाजली की फक्त बाहेर काढायचं. मी आल्यावर उलटे करीन. आणि सुरी घालू नका."

"नाही घालत," मावशी म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या क्षणी त्यांना तसंच वाटत होतं.

घंटा वाजली. मावशींनी ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवला. कडा उत्तम भाजल्या होत्या आणि सहाही केक मधोमध थरथरत होते. ते असेच असतात, हे त्यांनी इतके दिवस पाहिलं होतं. डोक्याला पटलं होतं, पण हाताला कोण समजावणार. सुरी पहिल्या केकमध्ये गेली आणि ओली बाहेर आली. दुसऱ्यात घातली, ओली. सहाही केकांत घातली. मग त्यांनी ट्रे परत आत सरकवला आणि ओव्हनचं दार बंद केलं. चार मिनिटांनी सुरी कोरडी निघाली तेव्हा त्यांना इतकं हायसं वाटलं, की आपण काय केलं हे कळायला जिन्यात पावलं वाजावी लागली.

मालकीणबाई जाडजूड होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला, जिना चढून धाप लागलेली. बोलायला फटकळ, पण खुर्चीत बसण्याआधी "काकू, त्रास देतेय तुम्हाला" असं मावशींना म्हणाल्या. सून ओट्यापाशी आली. ताटली साच्यावर ठेवताना तिचा हात थांबला. प्रत्येक केकच्या मधोमध सुरीची बारीक फट होती. तिने एकदा मावशींकडे पाहिलं, आणि केक उलटा करून बाहेर नेला.

चमचा आत गेला. काही आलं नाही. मालकीणबाईंनी केक पार दुभंगला. आतून तो बाहेरच्याइतकाच भाजलेला, कोरडा होता.

"चव चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण असा केक माझी पोरगीही करते."

"माझीच चूक झाली," सून म्हणाली. "घड्याळ लावताना घोटाळा केला मी."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. झाकली मूठ झाकलीच राहिली असती. नुसतं गप्प बसायचं होतं. पण सुनेचं ते वाक्य त्यांच्या वर्मी बसलं. दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन मान खाली घालून उभं राहणं कसं असतं, हे बघायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. पोरीचे कान लाल झाले होते.

"ती खोटं बोलतेय," मावशी म्हणाल्या. "तिची वेळ बरोबर होती. घंटा झाल्यावर मी सुरी घातली आणि परत आत ठेवले. तिने नको म्हणून बजावलं होतं."

मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग का ठेवले?"

"सवयीने," मावशी म्हणाल्या. "भीतीनेही."

मालकीणबाईंनी आणखी खोदून विचारलं नाही. हॉटेल चालवणाऱ्या बाईला स्वयंपाकघरातली भीती नवी नसते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "मिश्रण उरलंय का?"

"तीन साच्यांपुरतं आहे. फ्रिजमध्ये."

"मग टाक. पाचला मला दुकानात पोचायचंय, तोवर बसते."

"मी गॅलरीत जाऊन बसते," मावशी सुनेला म्हणाल्या. "तू तुझं बघ."

"नाही," सून म्हणाली. "तुम्हीच काढा."

मिश्रण गार होतं म्हणून तिने घड्याळ बारा मिनिटांवर लावलं, साचे आत ठेवले आणि खरोखरच बाहेर जाऊन पाहुणीशी बोलत बसली. मावशी ओव्हनसमोर एकट्या राहिल्या. आपल्यावर कुणी विश्वास टाकला तर माणसाला बरं वाटतं म्हणतात. मावशींना घाम फुटला. सुरी त्यांनी उचलून खणात टाकली, मग खणाकडेच बघत राहिल्या.

सात मिनिटं झाली असतील. सून पाहुणीसाठी पाणी न्यायला आत आली, आणि मावशींनी मान न वळवता विचारलं, "तू त्या एकेचाळीसांत होतीस का गं?"

कुठले एकेचाळीस, असं सुनेने विचारलं नाही. तिने ग्लास खाली ठेवला.

"होते. एकतिसावं नाव."

मावशींनी ओट्याची कड धरली. "खूप त्रास झाला?"

"मला एकच दिवस." मग ती भराभर, खालच्या आवाजात बोलू लागली. "मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय. लग्नाच्या आधीपासून सांगायचंय. माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला अंड्याच्या वासानेच मळमळायचं. ती पुडिंगला कधी तोंड लावायची नाही. तिचं पुडिंग दर वेळी मी खायचे. त्या दिवशीही मीच खाल्लं. म्हणजे मी दोन खाल्ली आणि तिने एक चमचासुद्धा नाही. आणि उलटी आधी तिला झाली. मी एका दिवसात बरी झाले. ती चार दिवस दवाखान्यात होती."

मावशींनी ऐकलं, पण ऐकलेलं आत शिरायला वेळ लागत होता. पुडिंग न खाता चार दिवस. म्हणजे पाणी? त्या वर्षीच्या मोठ्या सुट्टीत शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी उपसली होती. तीन माणसं दिवसभर बादल्यांनी गाळ काढत होती आणि मावशी खाली ताटं घासत होत्या. मान वर करून त्यांनी पाहिलंही होतं.

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"ताटातलं दुसऱ्याला द्यायचं नाही, असा तुमचा नियम होता," सून म्हणाली. "ज्याचं त्याने खायचं. दिलं-घेतलं तर आठवडाभर टेबलं पुसायची. मला वाटलं, मला शिक्षा कराल. आठ वर्षांची होते मी. नंतर कळायला लागलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि मग या घरात आले, तर मग कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

मावशींना राग आला. आधी रागच आला, हे खरं ते सांगितलं पाहिजे. सतरा वर्षं खरकटी ताटं. नवरा रोज रात्री म्हणायचा, तुझ्या पुडिंगने नाही झालं ते. आणि त्या त्यालाच झिडकारायच्या, तुम्हाला काय कळतं स्वयंपाकातलं. तो बिचारा गेलासुद्धा. आणि ही पोरगी सगळं पोटात ठेवून दोन वर्षं समोर बसून जेवत होती. त्यांचा हात उगारला जातो की काय असं त्यांना वाटलं. तोंड उघडलं, आणि घंटा वाजली.

दोघींनी ओव्हनकडे पाहिलं. सून जागची हलली नाही. आता हे केक जळाले तरी ती काही म्हणणार नव्हती. तिच्या तोंडावर तसं स्पष्ट दिसत होतं.

"सर बाजूला," मावशी म्हणाल्या. "आधी हे."

त्यांनी जाड हातमोजे चढवले, दार उघडलं आणि ट्रे बाहेर घेतला. तीन केक मधोमध थरथरत होते. खणाला त्यांनी हात लावला नाही. मनात साठपर्यंत आकडे मोजले, चाळिसाशी एकदा चुकल्या आणि पुन्हा तीसपासून धरलं. मग ताटली साच्यावर ठेवली, एका झटक्यात उलटी केली आणि साचा उचलला. केक उभा राहिला.

"ने," त्या म्हणाल्या. "गार होईल."

मालकीणबाईंनी चमचा घातला. काळंभोर चॉकलेट बाहेर आलं आणि ताटलीभर सावकाश पसरत गेलं. त्यांनी अख्खा केक खाल्ला, ताटली चमच्याने निपटली, तोंड पुसलं.

"शुक्रवारी तीस, शनिवारी तीस. साच्याला लोणी जरा कमी लाव, तळाशी तेलकट लागतं." दारात चपला घालताना त्यांनी मावशींकडे बोट केलं. "आणि या काढणार असतील तर मला चिंता नाही. घाबरणारं माणूस वेळ चुकवत नाही, एकदाच काय ती चुकवतं."

त्या गेल्या. जिन्यातली पावलं थांबेपर्यंत सून दाराशीच उभी राहिली. तिला वर्षभरात पहिल्यांदा काम मिळालं होतं आणि तिला आनंद करता येत नव्हता.

मावशी जेवणाच्या टेबलापाशी बसल्या होत्या. समोर उरलेले दोन केक होते.

"मी तुला शिक्षा केलीच असती," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल शंका नको. आठवडाभर टेबलं पुसायला लावली असती."

"माहीत आहे."

"आणि मग तुझा हात धरून मोठ्या बाईंच्या खोलीत गेले असते. म्हटलं असतं, ही पोरगी काय सांगतेय ते लिहून घ्या."

सून रडायला लागली. मावशींनी तिला गप्प केलं नाही. त्यांचेही डोळे वाहत होते. राग त्यातच कुठेतरी निघून चालला होता आणि त्यांनी त्याला अडवलं नाही. आठ वर्षांच्या पोरीवर किती वेळ रागावणार? त्यातून ती घाबरली होती ती कुणा चोराला नाही, मावशींना.

"ताटं रिकामी परत आली की मला वाटायचं, सगळ्यांना आवडलं," मावशी म्हणाल्या. "तीनशे ताटं रिकामी. मी तर खूश असायचे. तुझ्या त्या मैत्रिणीला पुडिंग आवडत नाही, हे मी कधी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तरी तिने आवडतं म्हणूनच सांगितलं असतं."

मावशींनी पदराने तोंड पुसलं. एक केक पुढे ओढला, चमचा भरला आणि तोंडात घातला. डोळे मिटून, औषध घ्यावं तसा पहिला घास गिळला. दुसरा उघड्या डोळ्यांनी खाल्ला. तिसऱ्यानंतर त्यांनी चमचा खाली ठेवला.

"मग आता तुलाच विचारते," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली तुला इथे येऊन. माझ्या घरात तुला काय आवडत नाही?"

"तसं काही नाही," सून लगेच म्हणाली.

"टेबलं पुसायला लावणार नाही. सांग."

सुनेने नाक ओढलं. दुसरा केक आपल्याकडे घेतला, पण खाल्ला नाही. 

"तुम्ही आमच्या खोलीत दार न वाजवता येता," ती शेवटी म्हणाली.

मावशींचा चेहरा तांबडा झाला. मुलाची खोली, त्यात दार कसलं वाजवायचं, असं अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आणखी?"

"आणखी चार-पाच गोष्टी आहेत, मावशी."

मावशींनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. "बोल," त्या म्हणाल्या, आणि ऐकत बसल्या.